दोन उंचवटे

"पट्टी घासून ये," सर म्हणाले आणि आलेखाचा कागद त्यांनी विद्यार्थिनीकडे सरकवला. "हे दोन उंचवटे म्हणजे निव्वळ कचरा."

"तीनदा घासलीय, सर."

"मग चौथ्यांदा घास."

पट्टी म्हणजे बोटभर काच. तिच्या खाचेत नायट्रोजन मुरवलेल्या लोखंडाची पूड भरायची आणि वरून क्ष-किरण सोडायचे, की यंत्र आलेख काढून देतं. ती जागची हलली नाही. प्रबंध आज पाचच्या आत विद्यापीठात द्यायचा होता आणि सरांची सही अजून व्हायची होती. अख्खा प्रबंध त्या दोन उंचवट्यांवर उभा होता.

गोष्ट तशी साधी. लोखंडाचे अणू वर्गातल्या बाकांसारखे रांगेत असतात. नायट्रोजनचे इवलेसे अणू मधल्या मोकळ्या जागांत शिरतात. सर म्हणत, जागा दिसेल तिथे बसतात. ती म्हणे, छे, प्रत्येकाची जागा ठरलेली असते. ठरलेल्या जागी बसले, तरच आलेखात ते दोन उंचवटे उमटतात.

"सर, तीच पूड मी बंद नळीत तापवून झटकन गार केली, अणूंना जागेवर बसायला वेळच दिला नाही. उंचवटे गेले. पुन्हा तापवून सावकाश गार केली. उंचवटे परत आले. कचरा काय सुट्टीवर जाऊन येतो?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "जीभ फार चालते तुझी. जरा हात चालव."

"या वेळी तुम्हीच घासा ना. माझ्या हाताला गुण नसेल."

सर तडक उठले. बाह्या दुमडून बेसिनपाशी उभे राहिले. दहा मिनिटं पट्टी घासली, उजेडात धरून पाहिली, पूडही स्वतःच भरली. ती स्टुलावर पाय हलवत बसली. यंत्र तासभर गुरगुरलं.

कागदावर दोन उंचवटे आले. तिथेच. तेवढेच.

सरांनी पेन काढलं आणि सही केली. मग कपाटाच्या तळातून एक पिवळा पडलेला आलेख काढून तिच्यापुढे ठेवला.

"माझा. तुझ्या वयाचा होतो तेव्हाचा."

त्यातही तेच दोन उंचवटे होते. सरांच्या सरांनी त्यांच्याभोवती लाल शाईने गोल काढून लिहिलं होतं, 'कचरा. पट्टी घासून ये.'

आणि त्याखाली, पुसट पेन्सिलीने, सरांच्याच अक्षरात: 'तीनदा घासली होती!'