मागे वळायचं नाही

"जुने बूट काढ, हे घाल," बायको म्हणाली. शर्यत सुरू व्हायला जेमतेम वेळ उरला होता. "आतले सोल बदललेत. जरा मऊ आहेत."

"ऐन वेळी?"

"बूटदुरुस्तीचं दुकान कुणाचं? तुझं की माझं?"

बदकाने बूट बदलले. चालण्याच्या शर्यतीत कंबर हलते, म्हणून सगळी गल्ली त्याला बदक म्हणायची. आता बायकोही म्हणायची. आज संघनिवडीची शेवटची शर्यत होती. ठरलेल्या वेळेत पोचला तर संघात. नाहीतर त्याच्या वयाला पुढची संधी कोण देणार?

"सावली दिसला का?"

"तो कधी वेळेवर आलाय?" नाडी आवळत ती म्हणाली.

सावली म्हणजे त्याचा जुना प्रतिस्पर्धी. ऐन वेळी शेवटच्या रांगेत घुसायचा आणि मग हात धुऊन बदकाच्या मागे लागायचा. पाण्याचं टेबल गेलं, डोक्यावर ओतलेलं पाणी बुटात झिरपलं, की सावलीचा उजवा बूट बोलू लागायचा. चुर्र, चुर्र. बायकोच्याच दुकानाचं गिऱ्हाईक. "सोल बदल, सोल बदल, सांगून थकले," ती म्हणायची. "दोघांच्या पायाचं माप एक आणि डोकंही एकच."

तो आवाज आला की बदकाचे पाय सुटायचे. आवाज नसला की तो भाजी आणायला निघाल्यासारखा चालायचा.

वळून बघायची मात्र सोय नव्हती. मान वळली की गुडघा वाकतो, आणि वाकला की लाल कार्ड दाखवायला पंच टपलेलेच असतात.

पिस्तूल वाजलं. बागेभोवतीच्या रस्त्याला घोळका लागला. पहिली फेरी रेंगाळतच गेली. टेबलापाशी बदकाने पेला उचलून डोक्यावर उपडा केला. थोड्याच वेळात मागून आवाज आला.

चुर्र.

"आलास का बाबा," तो पुटपुटला आणि वेग वाढवला. आवाजानेही वाढवला. उतारावर त्याने दम खाल्ला, तर आवाजही सैलावला. एरवी सावलीचं पाऊल मागेपुढे व्हायचं. आज पठ्ठ्या पावलात पाऊल मिसळून येत होता.

फलकावर बदकाच्या नावापुढे दोन लाल कार्डं चढली. तिसरं म्हणजे थेट घर. गुडघा ताठ ठेवून तो दात-ओठ खात चालत राहिला.

"पुढं जायचंय तर जा ना!" शेवटच्या फेरीत तो ओरडला. "रस्ता काय माझ्या बापाचा आहे?"

नुसतं चुर्र.

त्याने रेघ ओलांडली तेव्हा ठरलेली वेळ अजून उलटायची होती. लोक ओरडत होते. बदक हात पसरून गर्रकन वळला. आज सावलीला मिठी मारायचीच होती.

मागे रस्ता मोकळा. दुसरा गडी पार लांब, वळणावर.

"इकडे रे!" कठड्यापलीकडून हाक आली. बायकोशेजारी खुर्चीत सावली बसला होता. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. "गेल्या आठवड्यात जिन्यावरून पडलो. अभिनंदन, बदका!"

"मग माझ्या मागे कोण होतं?"

बायको ओठ दाबून त्याच्या पायांकडे बघत होती. जाब विचारायला बदकाने उजवं पाऊल पुढं टाकलं.

चुर्र.