झोपलेली माती

फवारणी संपल्यावर तासभर ऊन लागू दिलं आणि तुळसाबाई कोळेकरांनी तपासणीचं यंत्र गायरानाच्या मातीला टेकवलं. चाळीस वर्षांपूर्वी काळपुळीने, म्हणजे अँथ्रॅक्सने, मेलेल्या मेंढ्या इथेच पुरल्या होत्या. त्यांच्यातले बीजाणू अजून मातीत झोपून होते. नवा फवारा त्यांना फसवून जागं करी आणि जागा झालेला जंतू उन्हाने मरून जाई.

बाभळीखाली यंत्र पुन्हा लाल झालं.

“बाकी सगळं रान स्वच्छ आहे, आजी. तपासणीच्या कागदावर सही करा, उद्या रानाभोवतीचं कुंपण काढू,” तालुक्याचे साहेब म्हणाले.

“माझा नवरा एकाच मेंढीचं कातडं सोलायला बसला होता, साहेब. हातावर एकच काळी पुळी उठली, आठव्या दिवशी गेला.”

“पाच वेळा फवारलंय!”

“मग सहाव्यांदा फवारू.”

त्यांनी पंप पाठीवर घेतला. सहाव्यांदा लाल, सातव्यांदाही लाल. आठव्यांदा यंत्र हिरवं झालं, तेव्हा कुठे त्यांनी सही केली.

साहेब कुंपणाबाहेरच थांबले. तुळसाबाईंनी चपला काढल्या, अनवाणी बाभळीपर्यंत चालत गेल्या आणि तिथूनच आपल्या मेंढ्यांना हाळी दिली.