चुगलखोर कमोड

घरोघरी लघवी तपासून बोलणारी कमोडं बसली, तरी साताऱ्याच्या पद्माकरनं आपल्या घरातलं कधी वापरलं नव्हतं. मधुमेह असून तो चोरून पेढे खायचा आणि ते चुगलखोर मोठ्यानं साखर सांगणार. बायकोला, रोहिणीला, ऐकू गेलं तर? म्हणून वर्षानुवर्षं तो जिना उतरून खालच्या जुन्या संडासात जायचा. आज गुडघा धरला, तेव्हा नाइलाज झाला.

बाहेर मिक्सर सुरू होता.

"साखर फार वाढलीय," कमोड म्हणालं. "तिनं नसा दुबळ्या झाल्यात, मूत्राशयाचं तोंड मिटत नाही. वीर्य बाहेर न पडता उलटं आत जातंय. लघवीत शुक्राणू आहेत. ते वेगळे काढून मूल होऊ शकेल."

पद्माकर-रोहिणीला मूल नव्हतं. आपण कोरडे, आपल्यात काही तयारच होत नाही, असं धरून तो लाजेपायी त्यासाठी डॉक्टरकडेही गेला नव्हता. आता रोहिणीची पाळीसुद्धा कधीच गेली होती.

मिक्सर थांबला. "काय म्हणालं हो ते?"

"साखर वाढलीय म्हणे."

"एवढंच ना?" रोहिणीनं सुस्कारा सोडला. "जपा हो. मला आहे कोण तुमच्याशिवाय?"