मिरचीचे हात

"अनुभव?" छगनशेठनं फॉर्मवरून मान वर न करता विचारलं.

"नाही," हेमांगी म्हणाली.

फॉर्मवरही तिनं तेच लिहिलं होतं. बी.एस्सी. होऊन दीड वर्ष झालं. तेवढ्या काळात हा शब्द तिनं सात ठिकाणी लिहिला आणि सातही ठिकाणांहून हात हलवत परत आली. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. घाण्याचा बैल तरी संध्याकाळी सुटतो, हिची मात्र दीड वर्षं फेरी चालूच!

नंदुरबारच्या बाहेर, मिरची वाळवायच्या पथारीला लागून शेठचं हे पत्र्याचं ऑफिस. खिडकीबाहेर नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत पडलेली आणि तिच्यातच बसून देठ खुडणाऱ्या बाया. आत एक टेबल, एक कॉम्प्युटर, आणि त्या एका खुर्चीसाठी आलेले चौघं. बाकीचे तिघं ठसक्यानं बेजार होते. डोळे चोळून चोळून त्यांनी लाल करून घेतले होते. एका बिचाऱ्याला स्वतःचं नाव सांगायला तीनदा दम घ्यावा लागला.

हेमांगीला ठसका नव्हता. कसा असेल? बाहेरच्या बायांत तिची माय होती. जसोदाबाई एकोणीस वर्षं याच पथारीवर देठ खुडत होती. दहा वर्षांची झाल्यापासून हेमांगीही दिवाळीच्या सुटीत आणि दर रविवारी तिच्या शेजारी बसत आली होती. पण तोंडाला रुमाल बांधून बसलेली पोर शेठ कशाला ओळखतोय!

तेच मायच्या पथ्यावर पडलं होतं. सकाळी घरातून निघताना तिनं बजावलं होतं, "आज मी तुन्ही माय नही. मन्हाकडे देखूसुद्धा नको. खुडनारीनी पोर शे हाई शेठले समजनं, त तो तुले भी पथारीवरच बसाडी दी."

हेमांगीला ते पटलं होतं. सकाळी पटणं सोपं असतं.

आतला खोकला काही थांबेना. शेठ वैतागला. खिडकीतून ओरडला, "ओ जसोदाबाई! पाणी द्या हो या पोरांना, नाहीतर इथंच जीव सोडतील!"

माय तांब्या-पेले घेऊन आत आली. तिघांना पाणी दिलं. चौथा पेला हेमांगीपुढं धरला. नजर खाली. बोटं लालभडक, कडेला चिरलेली.

"थँक्यू, मावशी," हेमांगी म्हणाली.

शब्द इतका सहज निघाला की तिची तीच घाबरली. जन्म दिलेल्या बाईला आपण मावशी म्हणालो! आणि ही खुर्ची मिळाली तर रोज दहा ते सहा हेच म्हणायचं. माय खिडकीबाहेर उन्हात, आपण आत पंख्याखाली, आणि मध्ये मावशी. नाही मिळाली तर मायच्या शेजारची जागा ठरलेलीच. दोन्हीकडून दार बंद. तिला आतून भडभडून आलं. डोळे भरले, तसा तिनं कोपर उचललं आणि दंडाच्या बाहीनं ते पुसले.

शेठचं पेन थांबलं.

पथारीवरच्या माणसाचे हात कितीही धुतले तरी तिखट जात नाही. म्हणून तो डोळ्याला बोट लावत नाही, दंडानंच पुसतो. हेमांगीच्या घरी तर हा कायदाच होता. डोयाले हात नही, असं माय दिवसातून दहादा म्हणायची. सात मुलाखतींची सगळी तयारी पाठ केलेल्या हेमांगीला ही एक सवय लपवायचं सुचलं नव्हतं.

"अनुभव नाही म्हणतेस, आणि डोळे असे पुसतेस?" शेठनं तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. "कोनी पोर शे तू?"

माय दारापाशी रिकामे पेले घेऊन उभी होती. तिनं शेठच्या पाठीमागून मान हलवली. जराशीच, पण स्पष्ट. नको सांगू.

हेमांगीनं तिच्याकडं पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

"हिची," ती म्हणाली. "हाई मन्ही माय शे."

शेठ मोकळेपणी हसला. "अरे, मग आधी सांगायचं ना! खुर्चीवर काय, कोणीही बसेल. असा सराईत हात शोधून सापडत नाही. उद्यापासून ये मायसंगे पथारीवर." वाईट याचं वाटतं, की तो हे अगदी कौतुकानं बोलला.

पेला खाली ठेवून हेमांगीनं टेबलावरचा आपला फॉर्म ओढून घेतला. शेठचंच पेन उचललं. अनुभवाच्या रकान्यातलं 'नाही' खोडलं आणि वर लिहिलं, 'बारा हंगाम, लाल मिरची.' मग फॉर्मची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"पथारीवर नाही येणार, शेठ. हा फॉर्म नवव्या ठिकाणी दाखवीन."

नवव्या ठिकाणी काय होईल, हे तिला ठाऊक नव्हतं. तिघं उमेदवार खोकायचं विसरून बघत होते. ती दारात आली, थांबली, आणि बाहेरच्या सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात, मायच्याच बोलीत निरोप घेत म्हणाली, "येस मी, माय."

जसोदाबाईनं पेले जमिनीवर ठेवले. आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं दोन्ही हातांनी डोळे पुसले.