वाढणारे तेल

इंजिनातले तेल दर रविवारी सकाळी वाढलेले असे.

हिरामणने तेल मोजायची पट्टी पुन्हा पुसली, बुडवली, वर काढली. तेल वरच्या खुणेच्याही वर होते. इंजिन तेल गाळते, जाळते; ते तेल निर्माण करत नाही. रोह्याच्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या माणसाला एवढे तरी ठामपणे म्हणता येत होते.

गाडी लाल, दोन जणांची, जुनी घेतलेली स्पोर्ट्स कार. आठवडाभर तिने त्याला वरसे गावातल्या घरापासून कारखान्यात न्यायचे आणि अधूनमधून एखाद्या रविवारी घाटावरच्या रेस ट्रॅकवर धावायचे, अशी दुहेरी अपेक्षा. म्हणून ट्रॅकसाठी खाली आणि गावातल्या स्पीडब्रेकरांसाठी वर घेता येईल असे सस्पेन्शन त्याने बसवले. ब्रेक आणि टायर बदलले. तेल थंड ठेवणारा मोठा कूलर लावला. वळणावर आपले हात कुठे चुकतात ते नंतर पाहता यावे, यासाठी सीटच्या मागे कॅमेरा बसवला.

दिवाळीनंतर ट्रॅक खुला होणार होता. त्या दिवसासाठी त्याने वर्षभर वाट पाहिली होती. परंतु जादा तेल फेसाळते. फेस बेअरिंगला वाचवत नाही, आणि त्या वेगात इंजिन जाम होते. कारण सापडल्यावाचून गाडी नेणे शक्य नव्हते.

"पेट्रोल उतरत आसंल तेलात," पेणच्या गॅरेजमधला गोविंदा म्हणाला. त्याने इंजेक्टर बदलले. रविवारी तेल वाढलेले. मग पाणी शिरत असेल म्हणून हेड उघडून गॅस्केट बदलले. तेल वाढलेले.

"साहेब, तुमची गाडी दुभती हाय. डेअरीत नाव घाला तिचं."

हिरामण हसला नाही. चहाचा कप हातात धरून तो कूलरकडे पाहत उभा होता.

"साहेब! ओ साहेब! कवाधरनं इचारतोय, ठेवायची का नेताय?"

"नेतो," हिरामण म्हणाला आणि चहाचा घोट घेतला. चहा गार होता. या गॅरेजात चहा वेळेवर येत नाही, एवढे त्याने मनाशी नोंदवले.

घरी त्याची आई गिरजाबाई ताट वाढून बसली होती.

"ती गाडी इकून टाक रे."

"कारण?"

"तुझं ध्यान नसतं. मधीच कुठं जातोस तू?"

"विचार करत असतो, आई."

"एकदा डॉक्टरला दाखव."

"विचार करण्यावर औषध नसतं. पुरावा असेल तर सांग, लगेच जातो."

"पुरावा कुठनं आणू मी? मी काय पोलीस हाय?" असे म्हणून तिने त्याच्या ताटात भात वाढला.

शेवटी त्याने तेलाचा नमुना स्वतःच्याच प्रयोगशाळेत तपासला. निष्कर्ष त्याने दोनदा वाचला. खनिज तेलात असूच नयेत अशी मेदाम्ले त्यात होती, आणि त्यांच्या प्रमाणावरून ते तिळाचे तेल होते.

गिरजाबाई दर शनिवारी शनीला तिळाचे तेल वाहत असे. आणि शनिवारी पेणच्या गॅरेजातून परतल्यावर हिरामणला दुपारी गाढ झोप लागे.

त्याला राग आला नाही. काहीतरी हातातून निसटल्यासारखे वाटले. ज्या घरात त्याने एवढी पुस्तके आणली, त्या घरात मोटारीच्या इंजिनाला शनीचे तेल वाहिले जात होते. तरीही तर्क म्हणजे पुरावा नव्हे. त्या शनिवारी पेणहून निघतानाच त्याने कॅमेरा सुरू केला आणि घरी आल्यावर तसाच चालू ठेवला.

रविवारी सकाळी चित्रफितीचा शेवटचा भाग त्याने लावला. गिरजाबाई बाटली घेऊन आली. सराईतपणे दार उघडून तिने बॉनेटचा खटका ओढला.

त्याने तिला हाक मारली आणि पडदा तिच्यासमोर धरला.

"शनीला तेल वाहायचं तर देवळात वाहा, आई. यंत्रात ते जळतं, चिकटतं. त्यानं पीडा टळत नाही, इंजिन बसतं."

"शनीसाठी नाय रे."

"मग?"

"तुझा बाप जलमभर टेम्पो चालवायचा. कुठलं तेल कुठं घालतात, मला ठावं हाय. ती गाडी बसावी म्हणूनच ओतते."

"का? तुझ्या लेकाची एवढी एक आवड..."

"सांगितलं तवा पुरावा मागितलास." तिने पदराने डोळे पुसले. "त्याच्या आदीचं बघ. तुझ्याच यंत्रात आसंल."

त्याने चित्रफीत मागे नेली. गाडी फाटकातून आत येऊन थांबली होती. इंजिन चालू होते. त्याचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा गिअरवर होता. गिरजाबाई खिडकीशी आली, तिने हाक मारली. हात हलले नाहीत. तिने त्याचा खांदा गदागदा हलवला, डोळ्यांसमोर बोटे नाचवली, गालावर चापट्या मारल्या, रडत रडत पुन्हा पुन्हा त्याचे नाव घेतले. स्टिअरिंगवरची बोटे तशीच राहिली. बऱ्याच वेळाने त्या हाताने किल्ली फिरवून इंजिन बंद केले, आणि नेहमीच्या शांत आवाजात तो म्हणाला, "चहा टाक गो, आई." त्या साऱ्यातले हिरामणला एवढे शेवटचे वाक्यच आठवत होते.