दहाचा फ्यूज

झोपेत श्वास अडकतो म्हणून कंपनीच्या डॉक्टरांनी ड्रायव्हरला मास्कचं मशीन दिलं आणि बजावलं, "रोज सहा तास हे लावून झोपायचं, नाहीतर स्टिअरिंगला हात लावायचा नाही." मशीन तासांची नोंद ठेवायचं, त्यामुळे थापा मारायची सोय नव्हती.

पण लांबच्या फेरीत झोपणं व्हॅनमध्येच, आणि व्हॅनच्या बॅटरीवर मशीन लावलं की फ्यूज उडायचा. पाच अँपिअरचा टाकला, तो पाच मिनिटांत गेला. साडेसातचा टाकला, तर हवा दमट ठेवणारं मशीनमधलं पाणी तापायला लागलं तसा तोही गेला. वैतागून त्याने सरळ वीसचा आणला. गॅरेजमधल्या वायरमनने तो त्याच्या हातातून काढूनच घेतला.

"शहाणाच आहेस. फ्यूज वाचेल आणि वायर पेटेल. मशीन राहिलं बाजूला, तूच जाशील."

शिव्या घालत घालत वायरमनने बॅटरीपासून जाड वायर ओढली आणि दहाचा फ्यूज बसवून दिला. महिनाभर ड्रायव्हर गाढ झोपला. फोनवर बायको म्हणाली, "आवाज किती मोकळा झालाय तुमचा. माणसात आलात एकदाचे."

महिनाअखेरीस कंपनीचं पाकीट आलं. आत डॉक्टरांचं पत्र होतं, 'रोज सहा तास झोप. उत्तम. असंच चालू ठेवा.'



त्यालाच टाचून मॅनेजरची नोटीस होती, 'गाडी रोज सहा तास एकाच जागी का उभी होती, याचा लेखी खुलासा चोवीस तासांत करावा.'