न जुळलेली नोंद

घरपट्टीची यादी आणि जमीन-नोंदणीची यादी एकत्र करून प्रत्येक घराची एकच नोंद तयार करायचं काम तिच्याकडे होतं. दोन्हीकडची नावं जुळली की ओळ हिरवी, नाहीतर लाल. सकाळपासूनची चाळिसावी लाल ओळ उघडली आणि पत्ता वाचून ती थबकली. ते तिचं माहेर होतं.

घरपट्टीच्या यादीत वडिलांच्या मागे तीन वारस होते: आई, दादा आणि ती. जमिनीच्या यादीत दोनच. तिच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘मयत’. सोबतच्या प्रतिज्ञापत्रावर दादाची सही होती, आणि खाली आईची.

तिने जागेवरूनच आईला फोन लावला.

“आई, मी कधी मेले गं?”



“अगं, तो म्हणाला, तुझ्या सहीसाठी कशाला हेलपाटे घालायचे,” आई पुटपुटली. “नुसतं कागदावर तर लिहायचं होतं. तू कशाला मनाला लावून घेतेस? रविवारी जेवायला ये.”

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने फोन ठेवला. ओळ चौकशीला पाठवायची तर शेऱ्यात कारण लिहावं लागे. एकेक बटण ठोकत तिने लिहिलं:

‘प्रतिज्ञापत्र खोटं आहे. वारस मुलगी जिवंत आहे. समक्ष खात्री केली.’